डार्टमथ विद्यापीठ आणि मूलनिवासी अमेरिकनांचे शिक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात हॅनोव्हर नावाच्या लहानशा गावी डार्टमथ ही उच्चशिक्षणाची जुनी संस्था आहे. १७६९ साली ज्या सनदेने ती स्थापन झाली, त्या सनदेत मूलनिवासी जमातींच्या मुलांचे शिक्षण हा हेतू सर्वांत आधी नोंदवलेला आहे. त्यानंतरच्या दोनशे वर्षांत तेथून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या मूलनिवासी विद्यार्थ्यांची संख्या मात्र अवघी १९ भरते. वर्गणीच्या पावतीवर एकाचे नाव आणि खर्च दुसऱ्याच्या खात्यावर, असा हा व्यवहार कसा घडला आणि १९७० नंतर तो दुरुस्त करण्याचा प्रयत्न कसा झाला, याविषयी वाचकांना पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरे पुढे दिली आहेत.

या लोकांना मराठीत काय म्हणावे?

आपल्याकडे अजूनही पुष्कळ ठिकाणी ‘रेड इंडियन’ असे लिहिले जाते. तो शब्द टाळावा, कारण तो कातडीच्या रंगावरून पडलेला आहे आणि त्या समाजांना अपमानास्पद वाटतो. नुसते ‘इंडियन’ लिहिले तर मराठी वाचकाचा गोंधळ होतो. ‘आदिवासी’ हा शब्द अर्थाने जवळचा असला तरी त्याला आपल्याकडे अनुसूचित जमातींचा ठरावीक संदर्भ आहे. म्हणून येथे ‘मूलनिवासी अमेरिकन’ किंवा थोडक्यात ‘मूलनिवासी’ असे म्हटले आहे. शक्य असेल तेथे मोहीगन, ओनायडा, अबेनाकी अशी त्या त्या जमातीची स्वतःची नावेच वापरावीत, हे सर्वांत बरे. जुन्या कागदपत्रांतील ‘इंडियन’ हा शब्द मात्र अवतरणात तसाच ठेवला आहे.

डार्टमथ विद्यापीठ आहे की कॉलेज?

ते स्वतःला आजही आग्रहाने ‘कॉलेज’ म्हणवते, मात्र त्याचे वैद्यकीय महाविद्यालय १७९७ पासून आहे आणि पुढे अभियांत्रिकी व व्यवस्थापनाच्या शाखाही आल्या. या नावामागे अभिमानाचा एक जुना खटला आहे: राज्य सरकारने संस्था ताब्यात घेऊ पाहिली तेव्हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८१९ मध्ये संस्थेच्या बाजूने निकाल देऊन मूळ सनद म्हणजे मोडता न येणारा करार आहे, असे ठरवले. याच सनदेत मूलनिवासी मुलांचे नाव होते. करार पवित्र ठरला, पण त्यातले मुख्य कलम कोणी पाळते आहे का, हा प्रश्न त्या न्यायालयापुढे आलाच नाही.

ही कल्पना मुळात कोणाची?

एलिएझर व्हीलॉक हे कनेक्टिकटमधील लेबनन या गावचे पाद्री होते. १७४३ मध्ये मोहीगन जमातीतील वीस वर्षांचा एक तरुण त्यांच्याकडे वाचायला शिकण्यासाठी आला. हाच सॅमसन ऑकम. थोड्या दिवसांसाठी आलेला हा विद्यार्थी सुमारे चार वर्षे राहिला आणि इंग्रजीबरोबर लॅटिन, ग्रीक आणि थोडी हिब्रूही शिकला. त्याची प्रगती पाहूनच व्हीलॉक यांनी मूलनिवासी मुलांसाठी वसतिगृहासह शाळा काढण्याचा बेत केला. १७५४ मध्ये ती सुरू झाली. जागा देणाऱ्या गृहस्थाच्या नावावरून तिला मूर यांची ‘इंडियन’ धर्मादाय शाळा असे नाव पडले.

मुले घरापासून, भाषेपासून आणि नातेवाइकांपासून दूर आणावीत, त्यांना ख्रिस्ती धर्म आणि इंग्रजी राहणी शिकवावी आणि मग त्यांनाच धर्मप्रसारक म्हणून आपापल्या लोकांत परत पाठवावे, असा व्हीलॉक यांचा हिशेब होता. गोऱ्या धर्मप्रसारकापेक्षा हा मार्ग स्वस्त पडेल, हेही त्यांनी लपवले नाही. मुलांकडून शेतावर काम करून घेतले जाई. मुलींना आसपासच्या घरांत घरकाम शिकायला ठेवत आणि त्यांच्या वाट्याला आठवड्यातला एखादा दिवसच शाळा येई. १७६७ मध्ये एका नॅरागान्सेट बापाने व्हीलॉक यांना पत्र लिहून कळवले की, मी मुलाला शिकायला पाठवले होते, शेती करायला नव्हे. ती तर तो घरीही शिकला असता. पालकाची तक्रार म्हणून हे पत्र आजही ताजे वाटते.

सॅमसन ऑकम यांचे स्वतःचे शिक्षणाविषयीचे विचार काय होते?

या सबंध इतिहासात याच प्रश्नाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. ऑकम यांचा उल्लेख बहुतेक वेळा ‘व्हीलॉक यांचा विद्यार्थी’ एवढाच होतो. वास्तविक ते स्वतः बारा वर्षे लाँग आयलंडवर मोंटॉक जमातीत शिक्षक होते. डोळे अधू झाल्यामुळे त्यांना कॉलेजात जाता आले नव्हते. १७६८ मध्ये लिहिलेल्या छोट्याशा आत्मनिवेदनात त्यांनी आपली शिकवण्याची पद्धत सांगितली आहे. काही मुले अक्षरे तोंडपाठ म्हणतात, पण डोळ्यांनी ओळखत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आले. मग त्यांनी कागदाच्या तुकड्यांवर अक्षरे काढून ती देवदाराच्या लहान लहान ढलप्यांवर चिकटवली आणि बाकावर ओळीने मांडली. एखादे अक्षर मुलाला दाखवायचे आणि मग ते घेऊन यायला सांगायचे. चुकीचे आणले तर पुन्हा पाठवायचे, बरोबर येईपर्यंत. सगळी अक्षरे ओळखू येऊ लागली की ढलप्या मिसळून टाकायच्या आणि क्रमाने लावायला सांगायच्या. मुलांना यात मौज वाटते, असे त्यांनी पुढे लिहिले आहे. अठराव्या शतकाच्या मध्यावर, छड्या मारून अक्षरे घोकून घेण्याच्या काळात, हा शिक्षक खेळातून अक्षरओळख करून देत होता.

त्याच निवेदनात पैशांचाही हिशेब आहे. घर चालवण्यासाठी ते मासे पकडत, शिकार करत, जुनी पुस्तके बांधून देत, लाकडी चमचे, डाव आणि बादल्या करून विकत, बंदुकांना दस्ते बसवत. बारा वर्षांच्या सेवेबद्दल त्यांना मिळालेली रक्कम १८० पौंड होती, आणि तेवढीच रक्कम दुसऱ्या एका कामगिरीवर गोऱ्या माणसांना एका वर्षासाठी देण्यात आली होती. आपण गरीब ‘इंडियन’ आहोत म्हणूनच हे झाले असावे, देवाने आपल्याला तसे घडवले, आपण स्वतःला घडवलेले नाही, असे ते शेवटी नोंदवतात.

डार्टमथसाठी पैसा कोठून आला?

बव्हंशी ऑकम यांच्या व्याख्यानांतून. १७६५ च्या अखेरीस ते नॅथॅनियल व्हिटेकर या पाद्र्यांबरोबर जहाजाने निघाले आणि पुढची दोन वर्षे इंग्लंड व स्कॉटलंडमध्ये गावोगाव फिरले. त्यांनी तीनशेहून अधिक प्रवचने दिली. मूलनिवासी धर्मोपदेशक इंग्रजीतून बोलतो हे पाहायला आणि ऐकायला लोक गर्दी करत. राजा तिसरा जॉर्ज याने २०० पौंड दिले आणि एकूण जमा सुमारे १२ हजार पौंडांपर्यंत गेली. त्या काळी अमेरिकेतील वसाहतींच्या कोणत्याही शाळेसाठी परदेशात जमलेल्या निधींत हा अत्यंत मोठा होता. इंग्लंडमधील रकमेवर देखरेख ठेवण्यासाठी विश्वस्त मंडळ नेमण्यात आले आणि डार्टमथचे अर्ल विल्यम लेग हे त्याचे प्रमुख झाले. संस्थेला नाव मिळाले ते यांचे. देणगीदारांनी पैसा दिला होता तो मूलनिवासी मुलांच्या शाळेसाठी, याबद्दल कोणाच्याच मनात शंका नव्हती.

मग मूलनिवासी मुलांची शाळा गोऱ्या मुलांचे कॉलेज कशी झाली?

यामागे एकच कारण नव्हते. ऑकम परदेशात असतानाच व्हीलॉक यांचा मूलनिवासी विद्यार्थ्यांवरचा विश्वास उडत चालला होता. काही विद्यार्थी आजारी पडून मेले, काही शिक्षण सोडून घरी गेले, आणि व्हीलॉक यांनी त्याचा दोष आपल्या पद्धतीला न देता मुलांना दिला. १७६९ मध्ये ओनायडा जमातीने आपली सगळी मुले शाळेतून काढून घेतली, तेव्हा शाळेचा कणाच मोडला. त्याच वेळी सीमेवरच्या नव्या वसाहतींना पाद्री हवे होते आणि न्यू हॅम्पशायरचे गव्हर्नर जॉन वेंटवर्थ भरपूर जमीन द्यायला तयार होते.

१३ डिसेंबर १७६९ रोजी वेंटवर्थ यांनी सनद दिली. तिच्यात ‘या देशातील इंडियन जमातींच्या तरुणांचे’ शिक्षण आधी आणि ‘तसेच इंग्रज तरुणांचे व इतर कोणाचेही’ नंतर, असा क्रम आहे. देणगीदारांना दाखवायला हा क्रम फार उपयोगी होता. प्रत्यक्षात ‘तसेच’ या शब्दामागून आत आलेल्यांनी घर व्यापले. इंग्लंडमधील विश्वस्तांना आधी विचारले गेले नव्हते, ते नाराज झाले. ज्यांचे नाव संस्थेला दिले त्या अर्लनीही तिच्यावर पसंतीची मोहोर उठवली नाही. शाळा आणि कॉलेज कागदोपत्री वेगळी ठेवली गेली, पण दोन्ही चालवणारे हात एकच होते आणि निधी थोड्याच वर्षांत संपला. व्हीलॉक यांना सरळ लबाड म्हणावे का, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. मला ते लबाडापेक्षा सोयीप्रमाणे स्वतःची समजूत घालणारे गृहस्थ वाटतात. ज्यांच्या नावे पैसा आला त्यांना मात्र या फरकाने काही मिळाले नाही.

ऑकम यांनी विरोध केला नाही का?

केला, आणि लेखी केला. इंग्लंडहून परतल्यावर त्यांना दिसले की आपल्यामागे पत्नी मेरी आणि मुलांची काळजी घेण्याचे दिलेले वचन नीट पाळले गेलेले नाही. १७७१ मध्ये त्यांनी व्हीलॉक यांना एक पत्र लिहिले. लॅटिनमध्ये मातृसंस्थेला ‘आल्मा मातेर’, म्हणजे पोषण करणारी माता, म्हणतात. ऑकम यांनी एक अक्षर बदलले आणि लिहिले की, तुमची संस्था आल्मा मातेर होण्याऐवजी ‘आल्बा मातेर’, म्हणजे गोरी माता, होणार आणि सावळ्या लेकरांना ती पाजणार नाही, अशी मला भीती वाटते. व्हीलॉक यांच्याकडेच शिकलेल्या लॅटिनमधून त्यांनी व्हीलॉक यांना सुनावलेले हे वाक्य आहे. एका अक्षराची अशी कोटी तुकारामांच्या मुलखात वाढलेल्या वाचकाला वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

यानंतर दोघांचे संबंध जवळजवळ तुटले. ऑकम यांनी आपली शक्ती दुसरीकडे लावली. न्यू इंग्लंडमधील जमातींच्या ख्रिस्ती कुटुंबांनी गोऱ्यांच्या शेजारापासून दूर, ओनायडांनी दिलेल्या जमिनीवर स्वतःचे गाव वसवावे, या चळवळीचे ते एक प्रमुख होते. न्यूयॉर्कमधील ब्रदरटाऊन हे ते गाव. १७९२ मध्ये जवळच्याच न्यू स्टॉकब्रिज येथे त्यांचे निधन झाले.

दोनशे वर्षांत १९ पदवीधर, हा आकडा खरा आहे का?

होय, स्वतः डार्टमथही तो सांगते. पदवी न घेता काही काळ शिकून गेलेले विद्यार्थी यापेक्षा अधिक होते, हे लक्षात ठेवावे. पहिले मूलनिवासी पदवीधर नॅरागान्सेट जमातीचे डॅनियल सायमन होते. त्यांना १७७७ मध्ये पदवी मिळाली.

या १९ जणांत सर्वांत प्रसिद्ध नाव चार्ल्स ईस्टमन यांचे, मूळ नाव ओहियेसा. सँटी डकोटा जमातीत १८५८ मध्ये जन्मलेले ईस्टमन १८८७ मध्ये डार्टमथचे आणि १८९० मध्ये बोस्टन विद्यापीठाचे वैद्यकीय पदवीधर झाले. त्यांची पहिली नेमणूक डकोटातील पाइन रिज येथे झाली आणि काही आठवड्यांतच, २९ डिसेंबर १८९० रोजी, जवळच्या वूंडेड नी येथे सैन्याने लाकोटा स्त्री-पुरुषांची व मुलांची कत्तल केली. नाताळसाठी सजवलेल्या चर्चमधील बाके काढून तेथे जखमींना गवतावर झोपवले होते. त्यांच्यावर उपचार करणारा डॉक्टर हाच होता.

असे प्रयत्न करणारी डार्टमथ ही पहिलीच संस्था होती का?

नाही. हार्वर्डच्या १६५० च्या सनदेतही ‘इंग्रज आणि इंडियन तरुणांचे’ शिक्षण हा हेतू आहे आणि १६५५ च्या सुमारास तेथे मूलनिवासी विद्यार्थ्यांसाठी विटांची वेगळी इमारत उभी राहिली. तिचा जास्त उपयोग छापखान्यासाठी झाला. वांपानोआग जमातीचे केलेब चीशाटोमक १६६५ मध्ये तेथून पदवीधर झाले आणि लवकरच क्षयाने वारले. त्यांचेच सहाध्यायी जोएल आयाकूम्स पदवीदानाच्या थोडे आधी मारले गेले. हार्वर्डने त्यांना मरणोत्तर पदवी दिली ती २०११ मध्ये.

मराठी मुलखाशी याचा काही संबंध आहे का?

थेट नाही, पण विचारसरणीचा धागा आहे. १८१३ मध्ये मुंबईत ज्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी उतरले आणि पुढे अहमदनगरपर्यंत शाळा काढत गेले, त्याच बोर्डाने १८१७ मध्ये चेरोकी जमातीत ब्रेनर्ड येथे मिशन व शाळा सुरू केली. एकाच कार्यालयातून दोन्हीकडे सूचना जात. फरक परिस्थितीचा होता. मराठी मुलखात मिशनच्या शाळेतला मुलगा संध्याकाळी आपल्या घरी, आपल्या भाषेत परतू शकत होता. चेरोकींना १८३० च्या दशकाअखेर त्यांच्या भूमीवरूनच हाकलण्यात आले.

१९७० मध्ये नेमके काय बदलले?

त्या वर्षी जॉन केमेनी अध्यक्ष झाले. बुडापेस्टमध्ये जन्मलेले, ज्यू असल्यामुळे लहानपणी कुटुंबासह युरोप सोडून आलेले हे गणिती बेसिक या संगणकभाषेच्या दोन निर्मात्यांपैकी एक होते. सनदेतले वचन पाळले गेलेले नाही, हे त्यांनी अध्यक्षपदाच्या सुरुवातीलाच उघडपणे मान्य केले आणि मूलनिवासी विद्यार्थ्यांची भरती हे संस्थेचे धोरण केले. त्यांच्यासाठी वेगळे कार्यालय सुरू झाले. १९७२ मध्ये मूलनिवासी अभ्यासाचा शैक्षणिक कार्यक्रम आला आणि मायकेल डॉरिस त्याचे पहिले प्रमुख झाले. त्याच वर्षी मुलींना प्रवेश खुला झाला. त्या पहिल्या तुकडीत ओजिब्वे वंशाच्या, पुढे कादंबरीकार म्हणून नावारूपाला आलेल्या लुईज अर्ड्रिक होत्या. १९७० नंतरच्या मूलनिवासी पदवीधरांची संख्या आज हजारावर गेली आहे. आधीच्या दोनशे वर्षांचा आकडा शेजारी ठेवला की अडचण विद्यार्थ्यांच्या कुवतीची कधीच नव्हती, हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही.

क्रीडासंघांच्या ‘इंडियन’ चिन्हाचा वाद काय होता?

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वृत्तपत्रांनी डार्टमथच्या संघांना ‘इंडियन्स’ म्हणायला सुरुवात केली आणि पिसे लावलेले डोके स्वेटरांवर व झेंड्यांवर आले. वर्गात खरे मूलनिवासी जवळजवळ नव्हतेच, त्यामुळे हरकत घ्यायला कोणी नव्हते. १९७० नंतर विद्यार्थी आले आणि त्यांनी लगेच हरकत घेतली. १९७४ मध्ये विश्वस्तांनी हे चिन्ह मूलनिवासी शिक्षणाच्या संस्थेच्या उद्दिष्टाशी विसंगत असल्याचे जाहीर केले. काही माजी विद्यार्थी मात्र पुढची कित्येक वर्षे त्यासाठी भांडत राहिले. आज संघांना ‘बिग ग्रीन’ म्हणतात. संस्थेच्या मुद्रेवर जंगलातून इमारतीकडे चालत येणारे दोन मूलनिवासी मात्र अजूनही आहेत.

भित्तिचित्रे आणि वातकुक्कुट का काढले?

१९३० च्या दशकाच्या अखेरीस भोजनगृहाच्या तळघरात वॉल्टर हंफ्री यांनी स्थापनेचा विनोदी देखावा रंगवला: व्हीलॉक रमचे पिंप घेऊन आले आहेत आणि अर्धनग्न मूलनिवासी स्त्रिया भोवती आहेत. विद्यार्थ्यांच्या निषेधानंतर ही चित्रे आधी फळ्यांनी झाकली गेली आणि २०१८ मध्ये परिसराबाहेरील संग्रहात हलवण्याचा निर्णय झाला. ग्रंथालयाच्या मनोऱ्यावरच्या वातकुक्कुटावरही, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या फिरत्या आकृतीवरही, व्हीलॉक आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसलेला मूलनिवासी असे दृश्य होते; ते २०२० मध्ये उतरवले.

आज मूलनिवासी विद्यार्थ्याला तेथे काय मिळते?

राहण्यासाठी स्वतंत्र घर, सल्ला देणारे कार्यालय, आपल्या इतिहासावरचे अभ्यासक्रम आणि १९७३ पासून दर वसंतात भरणारा पाववाव, म्हणजे नृत्य, ढोल आणि भेटीगाठींचा जमातींचा मेळा. ढोलाभोवती बसून गाणारे गट दूरदूरहून येतात आणि हॅनोव्हरचे गावकरीही पाहायला जमतात. शेकडो मैलांवरच्या राखीव प्रदेशातून आलेल्या मुलामुलींना सुरुवातीच्या वर्षात टिकवून धरण्यात या सोयींचा मोठा वाटा आहे.

संस्था ज्या जमिनीवर आहे ती कोणाची?

अबेनाकींची. शेजारच्या व्हरमाँट राज्याने २०११ आणि २०१२ मध्ये चार अबेनाकी गटांना मान्यता दिली, परंतु अमेरिकेच्या केंद्र सरकारने एकाही अबेनाकी गटाला मान्यता दिलेली नाही. कॅनडातील ओडानाक येथील अबेनाकींचा त्या चार गटांच्या दाव्यालाच आक्षेप आहे. त्यामुळे जमिनीविषयी बोलणी कोणाशी करावी, हाच आधी वादाचा मुद्दा होतो.

२०२३ मध्ये सापडलेल्या अस्थींचे प्रकरण काय आहे?

मृतांचे अवशेष व पवित्र वस्तू जमातींना परत कराव्यात, असा कायदा अमेरिकेत १९९० मध्ये झाला. मार्च २०२३ मध्ये डार्टमथने जाहीर केले की अध्यापनासाठीच्या संग्रहात १५ मूलनिवासी व्यक्तींचे अवशेष आढळले आहेत. म्हणजे कायदा होऊन तीन दशके उलटल्यावरही ज्यांचे वंशज वर्गात बसत होते, त्यांची हाडे त्याच संस्थेच्या कपाटात होती. संस्थेने माफी मागितली आणि परतीची प्रक्रिया सुरू केली.

ऑकम यांची मूळ कागदपत्रे आज कोठे आहेत?

त्यांची पत्रे, रोजनिश्या आणि प्रवचने पिढ्यान्‌पिढ्या डार्टमथच्या ग्रंथालयात होती. एप्रिल २०२२ मध्ये संस्थेच्या अध्यक्षांनी कनेक्टिकटला जाऊन ती मोहीगन जमातीच्या स्वाधीन केली. व्हीलॉक यांच्या विद्यार्थ्याचे हस्ताक्षर आता कनेक्टिकटमधील थेम्स नदीकाठी, तो जेथून निघाला त्या मोहीगन भूमीवर आहे.